खिडकीच्या उंचीचा खिळा

गोजरमावशीच्या गोळ्या मी रेल्वेच्या भरवशावर सोडल्या, ही चूक माझी. मावशीची नाही, रेल्वेची नाही आणि पावसाची तर नाहीच नाही.

झालं असं, की १९९५च्या सप्टेंबरात मावशीला नागीण झाली. डाव्या बरगडीपासून पाठीकडे फोडांचा जळता पट्टा उठला. नगरला सावेडीतल्या ज्या डॉक्टर मॅडम तिच्या स्नायूंच्या दुखण्यावर आधीपासून उपचार करत होत्या, त्यांनी पस्तीस गोळ्या लिहून दिल्या. दिवसाला पाच, सात दिवस, चार-चार तासांनी, आणि एकही चुकवायची नाही.

मावशी पुणतांब्याला स्टेशनाजवळ एकटी राहते. घरात घड्याळ नव्हतं, असतं तरी तिला ते वाचता येत नव्हतं. पण बावीस वर्षं फलाटावर पेरू विकल्यामुळे तिचा दिवस गाड्यांनी आखलेला. पहिली पॅसेंजर गेली की चूल, एक्सप्रेस गेली की अंघोळ, मालगाडी धडधडली की भाकरी. मी तेव्हा श्रीरामपूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. म्हणजे आमच्या सगळ्या नातेवाइकांत विज्ञान मी एकटाच वाहत होतो. मी बोटांवर पाच गाड्या मोजल्या, प्रत्येकीला एक गोळी वाटून दिली आणि मावशीला सांगितलं, गाडी हलली की गोळी गिळायची, त्याआधी नाही. मावशी म्हणाली, लई सोपं केलंस रं. त्या कौतुकावर तरंगतच मी चाचणी परीक्षेला श्रीरामपूरला परत गेलो.

सोमवारी पाच गोळ्या गेल्या. मंगळवारी तीन गेल्या. मंगळवारी संध्याकाळी पुढे कुठेतरी रुळाखालची खडी पावसाने वाहून गेली आणि गाड्या थांबल्या.

गुरुवारी सकाळी मी पुणतांब्याला निघालो तो एसटीने, कारण गाड्या बंद होत्या. हे मला माहीत होतं. कंडक्टरशी त्यावर मी गप्पाही मारल्या. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होऊन शेतं बघत आलो. श्रीरामपूर ते पुणतांबा एवढ्या वेळात माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की मी ज्या गाडीने आलो नाही, त्याच गाडीला मी गोळी बांधून ठेवली आहे.

मावशी दारात बसली होती. अंगात ताप, मांडीवर गोळ्यांची पट्टी, नजर रुळांकडे.

"आलीच न्हाई गाडी," ती म्हणाली. "तूच म्हनला हुतास, हलल्याबिगर गिळायची न्हाई."

सोळा गोळ्या पोटात जायला हव्या होत्या. आठ गेल्या होत्या. आणि मावशीच्या उजव्या गालावर, जिथे नागिणीचं काही काम नव्हतं, तिथे चार नवे फोड उठले होते.

पण आता मावशी कोण, हे सांगितल्याशिवाय त्या चार फोडांची किंमत तुम्हाला कळायची नाही.

गोजरबाई ही माझ्या आईची थोरली बहीण. उंची बेताची, आवाज बेताबाहेरचा. पुणतांब्याचा फलाट बुटका आहे, त्यामुळे गाडीच्या खिडक्या उंचावर येतात. खालून पेरू विकायचे तर पाटी डोक्याच्या वर, डाव्या तळहातावर तोलायची, उजव्या हाताने पेरू चिरायचा, तिखट-मीठ भरायचं, कागदात घालून खिडकीतल्या हातात द्यायचा. गाडी थांबणार जेमतेम दोन मिनिटं. मावशी त्या दोन मिनिटांत चार डबे पार करायची आणि मधेच एखाद्या रडक्या पोराला फुकटची फोडही द्यायची. मी लहानपणी एकदा करून बघितलं होतं. पाटी माझ्याच डोक्यावर उपडी झाली होती आणि त्या गाडीचे प्रवासी पुढच्या स्टेशनापर्यंत हसत गेले असावेत.

फलाटावर पेरूवाल्या दोघी. दुसरी मालनबाई. तिचं घर शेतकऱ्याचं, पण शेत लहान आणि तोंड मोठं, असं मावशीच सांगायची. दोघींनी फलाट वाटून घेतला होता. मधोमध पाण्याचा नळ. नळाच्या इंजिनाकडच्या बाजूला मालनबाई, गार्डाकडच्या बाजूला गोजरबाई. हे कुठे लिहिलेलं नाही आणि बावीस वर्षांत मोडलेलं नाही. नळापलीकडून एखादा प्रवासी कितीही ओरडला तरी अलीकडची ठार बहिरी व्हायची. एकमेकींच्या पेरूंना नावं ठेवण्यात मात्र नळ आड येत नसे. खरं म्हणजे दोघी एकाच बागेतून, कारभारी पाटलांच्या बागेतून पेरू घ्यायच्या.

९४च्या डिसेंबरात एके दिवशी एक्सप्रेसच्या खिडकीतून हात आला आणि मावशीची पाटी कानापाशीच थांबली. सिग्नलचा हात अर्ध्यावर अडकावा तशी. मावशीने जोर लावला, हात वर जाईना, आणि पेरू रुळांवर घरंगळले. तिला वाटलं, थंडीने अंग आखडलं असेल. मग चुलीपुढून उठताना भिंत धरावी लागली. मग वेणी घालायला हात मागे पोचेनात. रोज पहाटे मालनबाई येऊन तिची वेणी घालू लागली आणि घालता घालता तिच्या पेरूंना नावं ठेवू लागली. पापण्या जांभळ्या दिसायला लागल्या, बोटांच्या सांध्यांवर लाल खरखरीत चट्टे आले. गाडीतल्या एका बाईने खाली वाकून हळूच विचारलं, घरात कुणी मारतं का? काकांना जाऊन दहा वर्षं झालेली. मावशीने सांगितलं, मारायलाबी कुनी न्हाई वो घरात, दोन पेरू घ्या.

मावशीची मुलगी यशोधरा सावेडीत राहते, शाळेत शिकवते. तिने आईला उचलून नेलं. मॅडमनी रक्त तपासलं, पुण्याला पाठवून मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासून आणला. नाव लांबलचक निघालं, ते मलाही दोन दिवस पाठ करावं लागलं. अर्थ मॅडमनी सोप्या भाषेत सांगायला घेतला. आपल्या शरीरात पहारेकरी असतात, बाहेरून रोगजंतू आले की ते लढतात. मावशीचे पहारेकरी बिघडले होते आणि तिच्याच स्नायूंना शत्रू समजून झोडपत होते. आता त्यांना थोपवायला पांढऱ्या आणि पिवळ्या गोळ्या घ्यायच्या. मात्र पहारेकरी थोपले, की एरवी ज्यांची हिंमत होत नाही असे बारीकसारीक जंतूसुद्धा आत शिरायला बघतात.

मावशीने हात वर करून मॅडमना थांबवलं. म्हणजे वर करायला गेली, तो खांद्याशीच राहिला.

"म्हंजी कारभारी पाटलाचा राखनदार," ती म्हणाली. "पोपट हानायला गोफन दिली, तर ह्यो पेरूच पाडाया लागला. म्हनून तुमी त्याला निजवनार. पन राखनदार निजला की पोपट येनार."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्या मनमोकळं हसल्या. यशोधरा सांगते, त्यानंतर त्या प्रत्येक नव्या पेशंटला राखणदाराचीच गोष्ट सांगतात, आणि ही पुणतांब्याच्या गोजरबाईंची, असंही सांगतात.

तेव्हापासून आमच्या घरात रोगजंतू हा शब्द गेला आणि पोपट आला. पाणी उकळून प्यायचं, कच्ची कोथिंबीरसुद्धा धुवून-चिरून शिजवून, खोकणाऱ्या माणसाशी लांबून बोलायचं, कबुतरांच्या विष्ठेजवळ बसायचं नाही, ताप आला की त्याच दिवशी कळवायचं, आणि पांढरी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. ही सगळी पोपट हाकलायची कामं. फलाटाच्या पत्र्याखाली कबुतरं फार. फाटकवाला श्रीमंत, ज्याच्याकडे नावाशिवाय त्या नावाचं काही नाही, तो मावशीच्या जागेवरची कबुतरं हिरव्या झेंडीने उडवायचा. एकदा त्या झेंडीने मालगाडीचा ड्रायव्हर गोंधळला म्हणे. हे श्रीमंतच सांगतो, तेव्हा किती धरायचं ते तुम्ही ठरवा.

पांढऱ्या गोळ्यांनी मावशीचा चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला. हा गोळीचा गुण, तब्येतीचा नव्हे, हे मॅडमनी बजावलं होतं. पण गावाला कोण सांगणार? ज्याला त्याला वाटलं, बाई सुधारली. मालनबाईने तर तिच्या काटकुळ्या सुनेसाठी दोन गोळ्या मागितल्या. मावशीने तिला पट्टी दाखवली आणि म्हणाली, घे की, पन पोपट तुझे तू हाकलायचे. मालनबाईने पट्टीला बोटही लावलं नाही.

पहिला पोपट एप्रिलात आला. जिभेवर, गालांच्या आत दह्यासारखे पांढरे चट्टे आले, भाकरीचा घास जाईना. मॅडमनी सांगितलं, ही बुरशी, तोंडात एरवीही असते, राखणदार जागा असला की गप्प बसते. औषध लावायला दिलं ते जांभळं गर्द. आठ दिवस मावशीचं तोंड उघडलं की आत जांभळी दिवाळी. भेटायला येणारे विचारायचे, जांभळं एवढ्या लवकर कुठे मिळाली? मावशी गंभीरपणे सांगायची, नगरहून येत्यात, डागदरीनबाईच्या झाडाची.

चट्टे गेले. गोळ्यांचा गुण येत होता. जूनमध्ये ती भिंत न धरता चुलीपुढून उठली. जुलैत हात कानापर्यंत आला. तेव्हाच श्रीमंतने थांबलेल्या पॅसेंजरच्या खिडकीची उंची त्याच्या झेंडीच्या काठीने मोजून आणली आणि मावशीच्या घराच्या बाहेरच्या भिंतीत बरोब्बर तेवढ्या उंचीवर खिळा ठोकला. मावशीला दुसरं काही नको होतं. औषधाने बरं वाटणं वगैरे डॉक्टरांचं काम. तिला त्या खिळ्याला पेरूंची पिशवी अडकवायची होती, नंतर गाडीच्या खिडकीला पाटी लावायची होती. हिवाळ्यात बाग धरते, त्याआधी. नाहीतर बावीस वर्षांचा अर्धा फलाट सोडायचा आणि यशोधराकडे सावेडीला जाऊन राहायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. सावेडीचं नाव काढलं की ती एवढंच म्हणायची, तिथं गाडीचा आवाजच न्हाई, मानसाला कळनार कसं आपन कुठवर आलो.

खिळा ठोकला त्या दिवशी मी पैज लावली. मावशीने दिवाळीच्या आत खिळ्याला पिशवी अडकवली, तर तिची पाटी माझ्या डोक्यावर घेऊन, इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत, पेरू-पेरू ओरडत जाईन. तिला हुरूप यावा म्हणून बोललो होतो. मावशीने विचारलं, कोणत्या गाडीला? मी म्हणालो, सांगशील त्या. तिने जराही विचार न करता सकाळची पॅसेंजर सांगितली. त्या गाडीने कॉलेजच्या मुली श्रीरामपूरला जातात. त्यात आमच्या वर्गातली शुभांगीही असते, आणि मावशीला हे कुठून कळलं होतं ते आजतागायत मला कळलेलं नाही. पण हात तेव्हा कानापाशी होता, खिळा कितीतरी वर होता, म्हणून मी निर्धास्त हो म्हणालो.

ऑगस्टअखेर हात कपाळापर्यंत आला. मी जरा अस्वस्थ झालो.

आणि मग सप्टेंबरात दुसरा पोपट आला, नागीण.

सगळ्यात आधी धावत आली मालनबाई, वाटीत लाल मातीची कालवलेली काव घेऊन. आमच्याकडे नागीण उठली की अंगावर लाल कावेने नाग काढतात. फोडांचा पट्टा कमरेभोवती फिरत जाऊन नागाचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस राहत नाही, म्हणून कावेचं कुंपण घालायचं. मावशी पट्ट्याने कळवळत होती, तरी तिने लुगड्याचा पदर घट्ट धरला. छप्पन साली माझ्या बापानं समदे देव गोदावरीत सोडले, म्हणाली, आन आता मी पोटावर नाग काढून घेऊ व्हय? मालनबाई ऐकेना. म्हणाली, तुझ्या बापाला नागीण झाली नव्हती. शेवटी तोड निघाली ती अशी, की नाग काढायचा, पण मावशीवर नाही, भिंतीवर. मालनबाईने बाहेरच्या भिंतीवर, खिळ्याच्या खाली, जमिनीपासून वर चढणारा सरळसोट नाग काढला. वेटोळं नाहीच. आता जुळव म्हनावं तोंड आन शेपूट, असं म्हणून तिने हात झटकले. नाग इतका ऐटदार निघाला की श्रीमंतने त्याला मिशा काढू का असं विचारलं.

आणि मावशीने काय केलं? कावेला नाही म्हणून, त्याच दिवशी निरोप धाडून मला बोलावलं, दुसऱ्या दिवशी सावेडीला जाऊन मॅडमना दाखवलं. मॅडम म्हणाल्या, इतक्या लवकर फार थोडे लोक येतात. म्हणजे बघा, बाईने सगळं बरोबर केलं. बापाचं ऐकलं, अंधश्रद्धा नाकारली, विज्ञानावर विश्वास टाकला. आणि पुणतांब्यात त्या दिवशी विज्ञान म्हणजे मी होतो.

तर गुरुवारी सकाळी मावशीच्या गालावर ते चार फोड. मी कारभारी पाटलांच्या दारात जाऊन त्यांची जीप मागितली. ते स्वतः चालवत आले. वाटेत मावशी माझ्याकडे बोट करून त्यांना एवढंच म्हणाली, त्या पंक्याला काय बोलू नका, गाड्या त्याच्या मामाच्या न्हाईत. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मॅडमनी तिला ताबडतोब दाखल करून घेतलं. शिरेतून औषध सुरू झालं. पांढरी गोळी बंद करता येत नव्हती, पण पिवळी थांबवली, राखणदाराला जरा डोळा उघडू द्यावा म्हणून. मग मला बाहेर बोलावून विचारलं की हा प्रकार कसा झाला. मी सगळं सांगितलं, गाड्यांच्या वेळांसकट.

"टाइमटेबल चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "फक्त गाड्यांना सांगायचं राहिलं."

आठ दिवस मी दवाखान्यातच होतो. पहिले तीन दिवस फोड वाढत होते, ताप उतरत नव्हता आणि विज्ञानाचा प्रतिनिधी जिन्यात बसून रडत होता, हे इथे लिहून ठेवतो, कारण मावशीने ते सगळ्या फलाटाला सांगितलंच आहे. चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी फोडांवर खपल्या धरल्या. सहाव्या दिवशी मावशीने नर्सला तिचे केस नीट विंचरलेले नाहीत असं सांगितलं, तेव्हा मला कळलं की बाई वाचली.

पण पिवळी गोळी थांबली होती आणि हात पुन्हा खांद्याशी आला होता. मॅडम तपासायला आल्या तेव्हा मावशीने तो उचलून दाखवला. इतके दिवस ती दुखणं चेष्टेवारी नेत होती. त्या दिवशी नाही.

"मॅडम, खिडकी लागंल का माज्या हाताला?"

मॅडम पलंगावर बसल्या. "लागेल," त्या म्हणाल्या. "पण राखणदार फार झोपला तर पोपट, आणि फार जागा राहिला तर पेरू. दोघांच्या मधून जायचंय, गोजरबाई. घाई केली तर दोन्हीकडून नुकसान."

मावशीने हात पांघरुणात घेतला. मग म्हणाली, घाई मी न्हाई करत, घाई गाडी करती. मला तर दोनच मिंटं असत्यात.

घरी येताना मी श्रीरामपुरात उतरून गजराचं घड्याळ घेतलं. त्यात एक कोंबडा दर सेकंदाला दाणा टिपतो. मावशीला आकडे येत नसले तरी काटे कुठे आले की कुठली गोळी, हे मी रंगाच्या ठिपक्यांनी दाखवलं. दोन दिवसांत ती पटाईत झाली. नागिणीच्या गोळ्या तोवर संपल्या होत्या, त्यामुळे घड्याळाला दुसरं काम मिळालं. कोणती गाडी किती उशिरा आली हे मावशी आता स्टेशनमास्तरांना फलाटावरून ऐकवते. बावीस वर्षं ती गाडीवरून वेळ बघत होती, आता वेळेवरून गाडी बघते. मास्तर मला दिसले की म्हणतात, घड्याळ द्यायची काही गरज होती का?

एकवीस दिवसांनी पिवळी गोळी पुन्हा सुरू झाली, अर्धी. रोज सकाळी मावशी भिंतीपाशी उभी राहून नागाच्या अंगावरून हात वर सरकवायची. जिथे थांबेल तिथे मालनबाई कोळशाने रेघ मारायची आणि आज काय जेवली न्हाईस का, असं विचारायची. खांदा, मग कान. दिवाळी आली तेव्हा हात भुवयांशी होता. मी सुटीत आलो होतो. पैज जिंकल्याचा आनंद तोंडावर दिसू नये म्हणून मी फार प्रयत्न केला.

दिवाळीच्या गर्दीत मी पहिल्यांदा फलाट नीट बघितला. गाड्या खचाखच होत्या. नळाच्या अलीकडे मालनबाई हंगामातले पहिले पेरू विकत धावत होती. पलीकडे, मावशीच्या अर्ध्या भागात, कुणीच नव्हतं. तिकडच्या खिडक्यांतून लोक हाका मारत होते, नोटा हलवत होते. मालनबाई नळापर्यंत यायची आणि वळायची. एक माणूस चिडून म्हणाला, अहो बाई, चार पावलं या की. मालनबाईने त्याला सांगितलं, तिकडं गोजरबाईचं हाय. तो म्हणाला, मग त्या कुठायत? मालनबाई म्हणाली, येनार हाय. गाडी सुटली.

मी विचारलं, किती दिवस असं चाललंय? श्रीमंत म्हणाला, फेब्रुवारीपासून. म्हणजे जवळजवळ नऊ महिने मालनबाईने अर्धा फलाट रिकामा सोडला होता. मी हे मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, मंग? त्यात काय? तिचे पेरू असलेच कच्चे, दोन बाजूला पुरायचे न्हाईत. आणि तिने तोंड फिरवून चूल फुंकली. चूल पेटलेलीच होती.

दिवाळी होऊन विसाव्या दिवशी सकाळी मी अजून पांघरुणात होतो. बाहेर मालनबाईचा आवाज आला, ये पंक्या, उठ की. मी बाहेर गेलो. मावशी भिंतीशी उभी होती. हात सरळ वर, बोटांत पिशवी, पिशवीत चार पेरू. टाचा उचललेल्या नव्हत्या, मालनबाईने वाकून खात्री केली. पिशवीचा बंद खिळ्याला दोनदा हुकला. तिसऱ्यांदा अडकला. मावशीने हात खाली घेतला आणि पिशवी नागाच्या डोक्यावर लोंबत राहिली.

मालनबाईने पिशवीतले पेरू मोजले. मग म्हणाली, चार पेरूंनी काय होतंय, पाटीत शंभर असत्यात.

त्याच दिवशी दहाच्या एक्सप्रेसला मावशी फलाटावर गेली. पाटीत शंभर नव्हते, पंधरा होते. मॅडमची परवानगी आधीच घेतलेली, तोंडाला पदर, गर्दीत शिरायचं नाही, एकच डबा करायचा. श्रीमंतने कबुतरं उडवली. गाडी थांबली, खिडकी वर गेली, एक म्हातारा बाहेर डोकावला. मावशीने पाटी उचलली. ती खिडकीच्या गजाला जाऊन लागली. म्हाताऱ्याला काय माहीत! त्याने एक पेरू उचलला, दाबून बघितला आणि हा कच्चा आहे म्हणून परत ठेवला. नळापलीकडून मालनबाई इतकी हसली की तिची गिऱ्हाइकं तिच्याकडे बघत राहिली. मावशीही हसली. पाटी खिडकीशीच होती.

आता अठ्ठ्याण्णव साल आहे. पांढरी गोळी मुंगीच्या पावलांनी कमी होत होत आता अर्धीवर आली आहे. चेहरा पूर्वीसारखा झाला, त्याचं मालनबाईला वाईट वाटतं. मधे एकदा मावशी सारखी खोकायला लागली म्हणून मी पुन्हा जीप मागायला धावलो होतो. मालनबाईने शेजारी मिरच्या भाजल्या होत्या. पोपट अजून अधूनमधून येतात, मावशी त्याच दिवशी सावेडीला जाते आणि ते उडून जातात. मॅडमना दर हिवाळ्यात एक पाटी पोचते. धुवून खा बरं, असा निरोप तिच्यासोबत असतो. भिंतीवरचा नाग दोन पावसाळ्यांत फिका झाला. मालनबाई त्यावर काव फिरवायला आली होती, पण मावशीने कोळशाच्या रेघा पुसतील म्हणून नको म्हटलं.

राहिली पैज. माझं म्हणणं स्वच्छ आहे. मुदत दिवाळीची होती, पिशवी अडकली विसाव्या दिवशी. मी सुटलो. मावशीने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की पिवळी गोळी किती दिवस बंद होती. मी म्हणालो, एकवीस. ती का बंद होती? मी घड्याळातला कोंबडा बघू लागलो. मग मावशीने बोटांवर हिशेब केला. आकडे येत नसलेल्या बाईला वजाबाकी किती पक्की येते ते मी त्या दिवशी बघितलं.

"तुज्या पायी एकवीस गेले, मी वीस घेतले," ती म्हणाली. "एक दिस आदीच पोचले मी."

न्यायनिवाड्याला मालनबाई बसली. तिने निकाल दिला की ओरडायचं, आणि नळाच्या दोन्ही बाजूंनी ओरडायचं, नाहीतर तिच्या बाजूवर अन्याय होईल. श्रीमंत म्हणाला, तो त्या दिवशी झेंडी जरा उशिरा दाखवील. शुभांगी अजून त्याच पॅसेंजरने जाते, आता एम.एस्सी.ला.

मी मावशीला भेटायला दर पंधरा दिवसांनी जातो. एसटीने. स्टँडवर उतरून, स्टेशनाला वळसा घालून, मागच्या बाजूने घरात शिरतो. दाराशी पाटीखाली डोक्यावर ठेवायची, माझ्या मापाची एक चुंबळ तीन वर्षांपासून खुंटीला टांगलेली आहे. मावशी दर वेळी ती झटकून पुन्हा तिथेच ठेवते.